अनुभव धागा : पलीकडचा आवाज आणि आपली भीड

सायबर फसवणुकीच्या बातमीत गेलेली रक्कम असते, कलमे असतात आणि शेवटी नागरिकांनी सतर्क राहावे असे आवाहन असते. तो फोन आला तेव्हा त्या माणसाच्या शेजारी कोण होते, तो कोणत्या कामाच्या घाईत होता, कोणाला नाही म्हणणे त्याला जड गेले, हे मात्र बातमीत येत नाही. मी नाशिकमधील एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो आणि मला नेमके तेवढेच हवे आहे. म्हणून बँकेतील, बाजारातील, कारखान्यातील, दवाखान्यातील परिचितांना मी लिहिण्याचे निमंत्रण दिले. स्वतःवर बेतलेलेच लिहावे अशी अट नाही. शेजारी बसून पाहिलेलेही चालेल, किंबहुना शेजारच्या खुर्चीवरून ते अधिक स्पष्ट दिसते.

एक विनंती मात्र सगळ्यांना केली होती. 'लोभापायी फसले' आणि 'अडाणीपणामुळे फसले' ही दोन तयार उत्तरे बाजूला ठेवावीत. माझ्या परिचयातील फसलेल्यांमध्ये डॉक्टर आहेत, अभियंते आहेत, आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेले लेखापाल आहेत. ज्या सवयींमुळे ही माणसे नोकरीत आणि नात्यागोत्यात भली म्हणून ओळखली जातात, त्याच सवयींवर पलीकडचा आवाज बोट ठेवतो, असा माझा अंदाज आहे. तो खोडून काढणारा अनुभव असेल तर तोही लिहावा. व्यक्ती, बँका आणि कंपन्या यांची नावे टाळावीत.

निवृत्त बँक अधिकारी, नाशिकरोड

आमच्या शाखेतले बहुतेक ज्येष्ठ खातेदार सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. एके सकाळी त्यांच्यापैकी एक काका मुदत ठेव मोडायला आले. मुदत पूर्ण व्हायला थोडेच महिने उरले होते, आता मोडली तर व्याज कमी मिळेल, असे मी सांगितले. एरवी पासबुकातल्या दहा रुपयांच्या वजावटीचाही खुलासा मागणारे काका 'चालेल' एवढेच म्हणाले. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात फोन उभा ठेवलेला होता, कॅमेऱ्याची बाजू बाहेर, आणि प्रत्येक वाक्यानंतर त्यांची नजर खिशाकडे जात होती. रक्कम कशासाठी हवी, असे विचारल्यावर 'नातीच्या प्रवेशासाठी' हे उत्तर इतके तयार आले, की शाळेतल्या मुलाने पाठ केलेली ओळ म्हणावी.

मी पैसे काढण्याच्या स्लिपमागे 'फोनवर कोणी आहे का?' असे लिहून ती काचेखालून सरकवली. त्यांनी वाचली, उलटी केली आणि काहीही न बोलता परत सरकवली.

अशा वेळी 'काका, ही फसवणूक आहे' असे सांगून टाकावेसे वाटते, परंतु त्याचा उपयोग होत नाही हे आमच्या दुसऱ्या शाखेतील प्रकरणावरून मला ठाऊक होते. बँकेतले लोकही या प्रकरणात सामील आहेत, त्यांना काही सांगू नका, असे पलीकडून आधीच बजावलेले असते. त्यामुळे आपण जितके समजावतो तितका त्यांचा संशय आपल्यावरच पक्का होत जातो. म्हणून मी निराळेच सांगितले. एवढ्या रकमेची ठेव मोडायची तर व्यवस्थापकांसमोर सही करावी लागते आणि त्यांच्या केबिनमध्ये मोबाइल नेता येत नाही, असा शाखेचा नियम आहे, असे म्हटले. असा नियम नव्हता. काका लगेच उठले, त्यांनी फोन माझ्या टेबलावर पालथा ठेवला आणि आत गेले. पाणी प्यायल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "माझ्या नावाचे वॉरंट तुमच्यापर्यंत आले का?"

दोन रात्री ते खोलीचे दार लावून कॅमेऱ्यासमोर बसले होते आणि सुनेला ताप असल्याचे सांगत होते. त्यांना व्हॉट्सॲपवर आलेले पत्र मी नंतर पाहिले. वर राजमुद्रा, खाली गोल शिक्का, डाव्या बाजूला जावक क्रमांक. "जावक क्रमांक होता हो त्याच्यावर," असे ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षे जावक क्रमांकाशिवाय एकही कागद पुढे सरकू दिला नाही, त्याला त्या क्रमांकानेच गाठले होते. मला स्वतःला खटकत राहिली ती आणखी एक गोष्ट : त्या खोट्या अधिकाऱ्याच्या तावडीतून त्यांना सोडवायला मलाही एक खोटा नियमच वापरावा लागला.

निमंत्रक

बँक अधिकारी बाईंनी लिहिलेले वाचून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांचे प्रयोग आठवणे अपरिहार्य आहे. येल विद्यापीठात १९६१ मध्ये सुरू झालेल्या त्या प्रयोगांत, समोर बसलेल्या 'संशोधका'च्या सांगण्यावरून सामान्य माणसे शेजारच्या खोलीतील माणसाला विजेचे धक्के देत गेली. धक्के खोटे होते, पण देणाऱ्यांना ते खरे वाटत होते. सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या फेरीत ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. एवढे बहुतेकांना माहीत असते. ज्या फेरीची चर्चा कमी होते, तिच्यात संशोधक खोलीतून निघून गेला आणि फोनवरून सूचना देऊ लागला. तेव्हा शेवटपर्यंत जाणाऱ्यांचे प्रमाण एक-चतुर्थांशाच्याही खाली घसरले, आणि काही जण फोनवर होकार देत प्रत्यक्षात कमी तीव्रतेचे बटण दाबत राहिले. हुकूम देणारा नजरेसमोरून हलला की त्याचा हुकूम सैल पडतो. 'डिजिटल अरेस्ट' करणारे, म्हणजे पोलीस अधिकारी असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवरच अटक झाल्याचे सांगणारे, रात्रंदिवस कॅमेरा का बंद करू देत नाहीत, त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर बोधचिन्ह आणि अंगावर गणवेश का असतो, याचे उत्तर मला या फरकात दिसते. व्हिडिओ कॉलवरून अटक करण्याची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही ते सांगितले होते. मात्र ही माहिती दिवाणखान्यात बसून ऐकणे आणि गणवेशातला माणूस रोखून पाहत असताना ती आठवणे, यांत बरेच अंतर आहे.

द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

माझ्या पुतण्याची गोष्ट आहे. त्याने अभियांत्रिकीची पदवी घेतली आहे, बाग सांभाळतो, हिशेब चोख ठेवतो. शेअर बाजारातील 'तज्ज्ञ सर' मार्गदर्शन करतात अशा एका व्हॉट्सॲप गटात त्याला कोणीतरी घेतले. गटात शंभरावर सदस्य. रोज कोणी ना कोणी नफ्याचा स्क्रीनशॉट टाकणार, सरांचे आभार मानणार, मग इतर जण हात जोडणार. त्यांनी दिलेल्या ॲपवर पैसे भरले की नफा वाढताना दिसत असे.

'एवढा शिकलेला मुलगा, तपासून पाहू नये का?' असे भावकीत सगळे म्हणाले. त्याने तपासले होते, आणि मला जे सांगायचे आहे ते इथेच आहे. त्याने आधी थोडी रक्कम भरली, काही दिवसांनी त्यातली थोडी काढून पाहिली आणि ती खरोखर त्याच्या बँक खात्यात आली. मग आणखी थोडी. तीही आली. आमच्या भागात परगावच्या नव्या द्राक्ष व्यापाऱ्याला पारखण्याची पद्धत नेमकी हीच आहे. पहिला सौदा लहान ठेवायचा, पैसे जागेवर मोजून घ्यायचे. दुसऱ्या वेळी आठवड्याची उधारी द्यायची. ती फिटली की मग बाग खुली करायची. ही पद्धत व्यापाऱ्यालाही ठाऊक असते. म्हणूनच पळून जाणारा व्यापारी पहिले दोन सौदे सर्वांत चोख करतो आणि ऐन हंगामात, गाडीमागून गाडी माल भरून झाला की त्याचा फोन बंद लागतो. तालुक्यात असे पोळलेले घर नाही अशी वाडी-वस्ती सापडणे कठीण. तरीही पारखण्याची दुसरी रीत आमच्याकडे नाही, आणि पुतण्याकडेही नव्हती. सोसायटीचे पीककर्ज फेडायला ठेवलेली रक्कम त्याने भरली. त्यानंतर काढायला गेला तर आधी नफ्यावरचा कर भरा, असा निरोप आला.

गटातले जुने संदेश मी नंतर सावकाश वाचले. 'सर, आपल्या मार्गदर्शनामुळे माझ्या कुटुंबाचे जीवन बदलले आहे' असे एक जण लिहितो आणि खाली त्याचे गाव आमच्याच बाजूचे. आमच्याकडचा शेतकरी नफा झाला तर तो कोणाला सांगत नाही, आणि सांगितलाच तर 'बरं चाललंय' यापलीकडे जात नाही. हे वाक्य आमच्या मातीतले नव्हे, हे त्या वेळी त्याला का जाणवले नसावे, याचा मी अजून विचार करतो. बहुधा शंभर माणसे एका सुरात बोलत असताना एकेकाचे वाक्य कोणी ऐकत नाही. त्या शंभरांतले खरे किती होते, कोण जाणे.

गृहिणी, सिडको

जुना सोफा विकण्यासाठी आम्ही ऑनलाइन जाहिरात दिली होती. फोन करणाऱ्याने आपण देवळाली कॅम्पमध्ये जवान असून बदली होऊन आल्याचे सांगितले, गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवले, भाव केला नाही. पैसे पाठवतो म्हणून त्याने एक क्यूआर कोड पाठवला आणि तो स्कॅन करून पिन टाकायला सांगितले. यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे देण्यासाठी, घेण्यासाठी कधीच लागत नाही, हे मला माहीत होते. तरीही मी सरळ नाही म्हणू शकले नाही, कारण लष्करातल्या माणसावर संशय घ्यायचा म्हणजे आपणच कोत्या मनाचे, असे वाटत राहिले. नाशिकमध्ये देवळालीचे नाव घेतले की पुढची चौकशी कोणी करत नाही. शेवटी 'माझ्या फोनची बॅटरी संपत आली आहे' असे सांगून मी फोन ठेवला. खोटे बोलणाऱ्यालाही वाईट वाटू नये म्हणून मी खोटे बोलले, याचे यजमानांना आजही हसू येते.

लेखा विभागप्रमुख, अंबड औद्योगिक वसाहत

आमच्याकडे वाहनांचे सुटे भाग तयार होतात. कच्चा माल देणाऱ्या एका जुन्या पुरवठादाराच्या नावाने मेल आला, की लेखापरीक्षणामुळे आमचे नेहमीचे खाते तात्पुरते बंद आहे, या बिलापासून रक्कम सोबतच्या नव्या खात्यात जमा करावी. लेटरहेड बरोबर, बिलाचा क्रमांक बरोबर, थकलेली रक्कमही बरोबर. म्हणजे कोणाचा तरी मेल आधीपासून वाचला जात होता. पत्त्यात फरक होता तो एवढाच, की इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' ही अक्षरे एकमेकांना चिकटून बसली होती. छोट्या टंकात ती 'एम'सारखीच दिसतात.

आमच्या कनिष्ठ सहकाऱ्याला तो फरक दिसला नाही. पण खाते बदलणे त्याला खटकले होते, असे त्याने नंतर मला सांगितले. मग विचारले का नाही? मार्चअखेर होती. पुरवठादाराचे पैसे थकल्यामुळे माल अडला होता आणि कारखान्याच्या साहेबांनी सकाळीच सगळ्यांसमोर त्याला सुनावले होते. अशा वेळी 'साहेब, पुरवठादाराला एकदा फोन करून विचारू का?' हा प्रश्न कामचुकारपणाचा वाटला असता. पैसे गेले. त्यातले काही वेळीच गोठवले गेले, बाकीचे नाही.

त्यानंतर आम्ही केलेला बदल अगदी साधा आहे. कोणाचेही खाते बदलायचे असेल तर जुन्या फाइलमधल्या क्रमांकावर फोन केल्याशिवाय आणि दुसऱ्या व्यक्तीने त्या नोंदीवर सही केल्याशिवाय रक्कम सुटत नाही, मग ते मालकांचे मेहुणे का असेनात. सगळ्यांनाच फोन जातो, त्यामुळे कोणाला अपमान वाटत नाही आणि विचारणाऱ्यालाही धाडस गोळा करावे लागत नाही.

संगणक विभागातील कर्मचारी, एक रुग्णालय

परिचारिका एकच पासवर्ड सगळ्या वापरतात, तो मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीवर लिहिलेला असतो, ही आमच्या विभागाची कायमची तक्रार. एकदा मी रात्रपाळीत वॉर्डात बसून पाहिले. इंजेक्शनची नोंद अर्धी झाली की रुग्ण बोलावतो. परत येईपर्यंत संगणक आपोआप बंद झालेला असतो. पुन्हा नाव, पुन्हा पासवर्ड, मग तोच पडदा शोधायचा. हातमोजे काढा, घाला. प्रत्येक वेळी नियम पाळायचा तर औषधे वेळेवर जाणार नाहीत. त्या नियम मोडत होत्या हे खरे; पण त्यांना नेमलेले काम पार पाडायला त्यांच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता.

हे काही मी नवीन सांगत नाही. ॲन ॲडम्स आणि अँजेला सॅसी या दोघींनी १९९९ मध्येच दाखवून दिले होते, की पासवर्डचे नियम कामाच्या पद्धतीशी जुळत नसतील तर कर्मचारी पळवाटा काढतात आणि मग त्यांनाच बेफिकीर ठरवले जाते. दर काही आठवड्यांनी पासवर्ड बदलण्याची सक्तीही अशीच आहे. लोक मागच्या पासवर्डपुढचा आकडा एकाने वाढवतात. अमेरिकेच्या प्रमाणीकरण संस्थेने, म्हणजे निस्टने, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदला, असे सांगितले. आमच्याकडे सक्ती अजून चालू आहे, कारण तपासणीच्या तक्त्यात तो रकाना आहे.

दुसरा अनुभव अधिक बोलका आहे. व्यवस्थापनाने एका बाहेरच्या संस्थेकडून सगळ्यांना खोटे मेल पाठवून परीक्षा घेतली आणि ज्यांनी लिंक उघडली त्यांची नावे बैठकीत वाचून दाखवली. हेतू चांगला असेल. त्याआधी काही संशयास्पद आले की आमच्या विभागात फोन यायचा, 'हे उघडू का हो?' असे विचारायला, कधी 'उघडले गेले, आता काय करू?' असे सांगायला. बैठकीनंतर ते फोन थांबले. काही महिन्यांनी एका संगणकात खरोखरच काहीतरी शिरले, तेव्हा उघडणाऱ्याने संगणक बंद केला आणि तो गप्प बसला; आम्हाला ते कळले दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या विभागाकडून. ज्या तासाभरात तो संगणक नेटवर्कमधून वेगळा करायला हवा होता, तो तास त्या यादीने खाल्ला, असे माझे मत आहे. व्यवस्थापनाचे मत वेगळे आहे.

प्राध्यापिका, गंगापूर रोड परिसर

आमच्या एका विद्यार्थ्याचे बँक खाते अचानक गोठले आणि परराज्यातील पोलिसांची नोटीस आली. मेसची थकबाकी भरायला गेला तेव्हा त्याला कळले. त्याच्याच गावचा, दोन वर्षे पुढे असलेला मुलगा त्याला म्हणाला होता, की ऑनलाइन गेमचे पैसे येणार आहेत, माझ्या खात्याची मर्यादा संपली आहे, तुझे एटीएम कार्ड आणि त्या खात्याशी जोडलेले सिमकार्ड आठवडाभर दे. बदल्यात थोडे पैसे मिळाले. ते मोहाचे कारण होते असे मला वाटत नाही. ज्या मुलाने नाशिकला आल्यावर पहिल्या दिवशी खोली शोधून दिली, मेस लावून दिली, त्याला 'कशाला हवे?' असे विचारणे त्याच्याने झाले नाही. फसवणुकीची रक्कम खात्याखात्यांतून फिरवण्यासाठी अशी खाती लागतात, त्यांना म्यूल खाती म्हणतात, आणि पोलिसांसमोर पहिले नाव येते ते खातेदाराचे. विशेष हे, की मध्यस्थ मुलालाही त्याच्या ओळखीच्या कोणीतरी असेच विचारले होते. मदतीची परतफेड करत करत साखळी तयार झाली. आता आम्ही नवीन मुलांना ओटीपीबद्दल सांगत बसत नाही, तो त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतो. 'खाते मागणारा ओळखीचाच असेल' एवढे सांगतो.

पुरोहित घराण्यातील एक जण, त्र्यंबकेश्वर

नारायण नागबळीसाठी परप्रांतातून आलेले यजमान दारात उभे राहतात आणि मोबाइलवर पावती दाखवतात. संकेतस्थळावर फोटो आमच्या वाड्याचा, फोन क्रमांक भलत्याचाच. त्यांना मी विचारले, आगाऊ पैसे भरण्याआधी इथल्या कोणाला विचारले का नाही? एकाने उत्तर दिले, की धर्मकार्यात घासाघीस आणि शंका नको, म्हणून आईनेच अडवले. सिंहस्थाच्या काळात मुक्कामाच्या खोल्यांबाबत हेच होणार, असे मला दिसते आहे.

वकील, शरणपूर रोड

माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिला प्रश्न विचारतो तो 'किती गेले?' हा नाही. कधी गेले आणि कळवले कधी, हे विचारतो. १९३० या हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार लवकर पोहोचली तर रक्कम ज्या खात्यांत पोहोचली असेल तिथे ती रोखता येते; ती पुढच्या खात्यांत पांगली किंवा रोखीने काढली गेली की हाती फारसे लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही असा व्यवहार असेल आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तो कळवला तर ग्राहकावर भार येत नाही. ग्राहकानेच ओटीपी वगैरे सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. कळवल्यानंतरचे मात्र बँकेचे. म्हणजे चूक आपली असली तरीही कळवण्याची घाई करण्यातच हित आहे.

आणि लोक घाई करत नाहीत. एका बाईंनी घरच्यांपासून लपवण्यासाठी मोडलेल्या भिशीचा खड्डा आधी सोन्याचे कर्ज काढून बुजवला आणि मग त्या माझ्याकडे आल्या. एका व्यावसायिकांना पैशांपेक्षा ही भीती होती, की बाजारात कळले तर उधारीवर माल कोण देणार. फसलेल्याच्या तोंडून पहिल्यांदा गोष्ट बाहेर पडते तेव्हा समोरून येणारे पहिले वाक्य बहुधा 'तुला एवढेही कळले नाही का?' हे असते. ते वाक्य ऐकावे लागणार हे त्यांना आधीच माहीत असते, म्हणून ते रात्र जाऊ देतात, मग रविवार जाऊ देतात. लपवणाऱ्यांना दुसरी टोळी शोधतेच. 'तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, थोडे शुल्क भरा' असा फोन ज्यांना येतो, त्यांच्यापैकी पुष्कळ जणांनी आधी घरात काही सांगितलेले नसते, आणि हे शुल्कही ते गुपचूप भरतात.

निमंत्रक

एका वाचकाने विचारले आहे, की मग माणसांनी भीड सोडावी, वडीलधाऱ्यांवर, गणवेशावर, ओळखीवर विश्वास ठेवू नये, असे या धाग्याचे म्हणणे आहे का. मला ते मान्य नाही. ज्या गावात प्रत्येक जण प्रत्येकाचा पुरावा मागतो तिथे कांद्याचा लिलाव तासाभरात उरकणार नाही. लासलगावला बोलीवर, हाताच्या खुणेवर रोज जे व्यवहार होतात ते विश्वासावरच. मला अधिक जवळचे वाटते ते अंबडच्या लेखा विभागाचे उत्तर. संशय घेण्याचे ओझे एकट्या माणसाच्या डोक्यावरून काढून ते रीतीवर टाकायचे. पंचवटीतून आलेला पुढचा अनुभव त्याच जातीचा आहे.

पूजासाहित्य विक्रेता, पंचवटी

रामकुंडाजवळ आमचे दुकान आहे. यात्रेकरू घाईत असतो, मोबाइल आमच्याकडे वळवून 'गेले बघा पैसे' म्हणतो आणि हिरवी खूण दाखवून चालू लागतो. खोटी पावती दाखवणारी ॲप असतात हे आम्हाला माहीत होते. पण दर्शनाला आलेल्या माणसाला 'थांबा, माझ्या फोनवर आले का ते पाहतो' म्हणायचे कसे? रोजचे गिऱ्हाईक असेल तर आणखी अवघड. एकदा वडिलांनी एका जुन्या गिऱ्हाइकाला थांबवले, त्याचे पैसे खरेच आलेले होते, आणि तो पुढे कित्येक महिने समोरच्या दुकानातून कापूर घेत राहिला. त्यामुळे गर्दीच्या दिवशी पाच-पन्नास बुडाले तरी बोलायचे नाही, असेच आमचे धोरण होते.

पैसे आले की मोठ्याने रक्कम सांगणारा साउंडबॉक्स बसवला आणि हा प्रश्न आपोआप मिटला. आता आम्ही कोणाला काही विचारत नाही आणि कोणाच्या मोबाइलमध्ये डोकावत नाही. पर्वणीला, अमावास्येला रेंज अडकते आणि डबा उशिरा बोलतो, तेव्हा गिऱ्हाईक स्वतःच पिशवी हातात धरून उभे राहते, डब्याकडे पाहते, आणि मागचा माणूस पुढे सरकायला लागला तर त्यालाच म्हणते, "थांबा, अजून वाजायचंय."